एकवीसशे किलोंचे साहेब

सावकाशरावांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते बिचारं तिथेच राहिलं. त्या नावाने कुणी हाक मारली असती तर ते स्वतःच इकडेतिकडे बघत राहिले असते, की हा कोण बुवा. त्यांचा धंदा जड वस्तू उचलायचा आणि नेमक्या जागी ठेवायचा. कारखान्यातली यंत्रं, बँकेच्या तिजोऱ्या, एकदा तर चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून बाहेर काढलेला पियानो. माल हवेत गेला की त्यांच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "सावकाश!" पस्तीस वर्षं तो शब्द इतका बोलून झाला की शेवटी तोच त्यांना चिकटला. घरातही तेच. बायको चहा ओतायला लागली की सावकाश, मुलगी जिना उतरायला लागली की सावकाश. बायको म्हणायची, "अहो, चहा आहे तो. बॉयलर नव्हे."

आणि आयुष्यात उचललेल्या सगळ्या जड वस्तूंत त्यांच्या मानगुटीवर बसलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे चौकातले साहेब.

साहेब म्हणजे पुतळा. ब्राँझचा, बारा फुटी, उजवा हात वर, बोट डोंगराकडे. हयात असताना साहेब शहराच्या पाणीखात्याचे प्रमुख होते. त्यांनी डोंगरात धरण बांधलं आणि घरोघरी नळ आला. ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी अशी की त्या धरणाखाली सात गावं गेली आणि तिथली माणसं डोक्यावर ट्रंका घेऊन याच शहरात राहायला आली. त्यामुळे शहराचा एक भाग साहेबांना पाणीदाता म्हणायचा आणि दुसरा भाग बुडव्या. पाणीवाल्यांच्या मते साहेब बोटाने धरण दाखवत होते. बुडीतवाल्यांच्या मते साहेब सांगत होते, "इथवर पाणी येणार, उचला चंबूगबाळं." दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं.

पालिकेत पाणीवाले निवडून आले की साहेब चौथऱ्यावर, बुडीतवाले आले की साहेब गोदामात. एकदा दोघांचं जमलं तेव्हा तोडगा निघाला, की पुतळा राहू द्या पण धरणाकडे पाठ करा. पाठ केली. मग ते बोट नेमकं समोरच्या दंतवैद्याच्या न्हाणीघरात गेलं, आणि दंतवैद्य कोर्टात गेला. साहेब पुन्हा फिरले. पुढे एका समितीने पुतळा ताडपत्रीत गुंडाळायचा ठराव केला. दोन वर्षं चौकात नुसतं एक मोठं गाठोडं उभं होतं. अर्ध्या शहराने त्या गाठोड्याला फुलं वाहिली आणि अर्ध्या शहराने त्याच गाठोड्याला शिव्या दिल्या. कुणाचंही काही अडलं नाही.

दर वेळी बोलावणं सावकाशरावांनाच. चौकाखालून साहेबांनीच घातलेली मोठी जलवाहिनी जात होती, त्यामुळे तिथे क्रेन आणायची सोय नव्हती. हातानेच काम. दोन्ही टोकांना लोखंडी पाय, वर आडवी तुळई, तुळईवर चाकांचा गाडा आणि गाड्याला साखळीची पुली. साखळी ओढली की साहेब चढायचे, उलटी ओढली की उतरायचे. वर केलेल्या हातामुळे पुतळा उजवीकडे कलायचा. तो किती कलतो आणि कधी कलतो, हे फक्त सावकाशरावांच्या तळहातांना ठाऊक होतं.

एकदा एका वार्ताहराने विचारलं, "तुमच्या मते साहेब कोण? पाणीदाता की बुडव्या?"

"एकवीसशे किलो," सावकाशराव म्हणाले.

यात त्यांचा शहाणपणा होता. बायको बुडालेल्या गावाची लेक आणि ते स्वतः नळाच्या पाण्यावर वाढलेले. घरात या विषयावर पहिल्या वर्षी तीन दिवस अबोला झाला होता. तेव्हापासून बायको सकाळी एवढंच विचारायची, "आज वर की खाली?" खाली असेल त्या दिवशी डब्यात काहीतरी गोड असायचं. वर असेल त्या दिवशी डबा असायचा, एवढंच.

या धंद्यात त्यांना एक उस्ताद भेटला होता. त्याने एकच नियम शिकवला. ज्याने उचललं त्यानेच ठेवायचं, आणि माल हवेत टांगलेला असताना जागा सोडायची नाही. मग घरी आग लागो की पाऊस पडो. सावकाशरावांनी तो नियम इतका पाळला की आयुष्यातलं जे जे बघायचं ते राहून गेलं. मुलगी जन्मली तेव्हा साहेब हवेत. मुलगी पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा साहेब हवेत. मुलीला लिफ्ट दुरुस्तीच्या परीक्षेत पहिलं बक्षीस मिळालं, नाव पुकारलं गेलं, टाळ्या पडल्या, आणि बाबा चौकात साखळी धरून उभे. ते आपल्या हौसेने असं करत नव्हते. पण हौसेने केलं काय नि नाइलाजाने केलं काय, रिकामी खुर्ची रिकामीच दिसते.

मुलगी बापाची खरी लेक निघाली. शहरातल्या उंच इमारतींच्या लिफ्ट ती दुरुस्त करायची. त्यातच एका चष्म्याच्या दुकानाची लिफ्ट बंद पडली, आत दुकानाचा मालक अडकला, हिने त्याला दीड तासाने बाहेर काढलं, आणि दीड तास लोखंडी दाराच्या आरपार जे बोलणं झालं त्यातून लग्न ठरलं. साधं, नोंदणी कार्यालयात सह्या करून. साक्षीदार तीन. मुलीने अर्जावर पहिलं नाव लिहिलं ते बाबांचं.

पहिली तारीख पुढे ढकलली, कारण साहेब वर जायचे होते. दुसरी तारीख पुढे ढकलली, कारण साहेब खाली यायचे होते आणि मग यायचे नव्हते. तिसरी तारीख शनिवारची. अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती आणि शनिवारी कार्यालय एक वाजता बंद.

मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, रागावून सांगत नाहीये. या वेळी आला नाहीत तर मी जिन्यात भेटेल त्या माणसाची सही घेईन. मग जन्मभर कागदावर तुमच्या जागी तोच राहील."

"येणार म्हणजे येणार," सावकाशराव म्हणाले. "मेलो तरी येईन."

"मेलात तर सही कशी कराल? जिवंत या," बायको म्हणाली.

आणि शुक्रवारी पालिकेचा ठराव झाला. बुडीतवाले एका मताने जिंकले. शनिवारी सकाळी साहेब खाली.

सावकाशरावांनी हिशोब मांडला. नोंदणी कार्यालय चौकातच, दुसऱ्या मजल्यावर. नऊला उचलू, अकराला साहेब ट्रकात, मग हातपाय धुऊन बाराला वर. त्यांनी इस्त्रीचा सदरा हँगरसकट आणून तुळईच्या लोखंडी पायाला अडकवला. मुलगी कपाळावर हात मारून घेऊन वर निघून गेली.

काम झकास चाललं होतं. साडेदहाला साहेब चौथऱ्यावरून सुटले, फूटभर वर गेले, गाडा तुळईवरून सरकायला लागला. ट्रक पलीकडे रस्त्याच्या कडेला उभा. एका बाजूला बुडीतवाले टाळ्या वाजवत होते, दुसऱ्या बाजूला पाणीवाले हाय हाय करत होते, आणि मध्ये सावकाशराव "सावकाश, सावकाश" करत होते. साहेब चौथरा ओलांडून पुढे आले, ट्रकपासून अजून आठ फूट लांब होते, तेवढ्यात धापा टाकत बेलिफ आला. हातात कोर्टाचा कागद.

"थांबा! जैसे थे!"

"म्हणजे?" सावकाशरावांनी विचारलं.

"पाणीवाले कोर्टात गेलेत. पुतळ्याची स्थिती जैसे थे ठेवायची. आदेश आहे."

"अहो, पण स्थिती हवेत आहे."

बेलिफने वर बघितलं, कागद बघितला, पुन्हा वर बघितलं. तो नोकरीत नवा होता आणि कागदाबाहेर पाऊल टाकायची त्याला सवय नव्हती. "मग हवेत ठेवा," तो म्हणाला. "पुढची तारीख सोमवार."

"सोमवारपर्यंत हवेत?"

"कागदात खाली ठेवा असं नाही. वर ठेवा असंही नाही."

झाला साहेबांचा त्रिशंकू! दोन्ही बाजूंनी एकाच वेळी जल्लोष केला. पाणीवाले म्हणाले साहेब ट्रकात गेले नाहीत, आम्ही जिंकलो. बुडीतवाले म्हणाले साहेब चौथऱ्यावर नाहीत, आम्ही जिंकलो. बेलिफने टेप काढून पंचनामा केला. पायाचा तळ जमिनीपासून नऊ फूट दोन इंच, तोंड पूर्वेला. लिहून होतंय तोवर वारा आला आणि तोंड ईशान्येला गेलं.

"फिरवू नका! तोंडसुद्धा जैसे थे!"

"मी कुठे फिरवतोय? वाऱ्याला सांगा!"

"वाऱ्यावर आदेश नाही."

आणखी एक भानगड होती. पुली जुनी होती. तिचा ब्रेक माल धरून ठेवायचा, पण दर काही मिनिटांनी साहेब बोटभर खाली सरकायचे. मग साखळीला एक हलका हिसका द्यावा लागायचा. बेलिफ टेप लावून ओरडायचा, "नऊ फूट एक!" आणि सावकाशराव हिसका द्यायचे. "नऊ फूट दोन! बस!" असं चाललं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सोबतचे चौघे दोर धरून होते, पण साखळी त्यांच्यातल्या एकाच्याही हाती सावकाशरावांनी कधी दिली नव्हती. दिली असती तर आज हे दिवस आले नसते, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं. पस्तीस वर्षांत उस्तादाचा नियम म्हणून जे सांगितलं त्यात निम्मा नियम होता आणि निम्मी त्यांची स्वतःची मिजास होती, की माझ्याशिवाय हे कुणाला जमायचं नाही.

बारा वाजले. सव्वाबारा. होणारा जावई खाली आला, नवे कपडे, चष्मा पुसत. "बाबा, साधारण किती वेळ?"

"सोमवार," सावकाशराव म्हणाले.

जावई भला माणूस. त्याने विचार केला आणि म्हणाला, "मी धरू का जरा? तुम्ही सही करून या." सावकाशराव नको म्हणेपर्यंत त्याने साखळीला हात घातला आणि असा काही हिसका दिला की साहेब गर्रकन फिरले. बारा फुटी माणसाचं बोट आधी बुडीतवाल्यांवरून गेलं, मग पाणीवाल्यांवरून गेलं, मग बेलिफवर येऊन थांबलं. सगळा चौक खाली बसला. बेलिफ तर झोपलाच.

"तोंड! तोंड!" तो जमिनीवरून ओरडला.

जावयाने साखळी सोडली आणि चष्मा पुन्हा पुसायला घेतला. "माझं काम बारीक स्क्रूंचं," तो म्हणाला.

वरच्या खिडकीतून नोंदणीबाई डोकावल्या. दारावर विवाह नोंदणी अधिकारी अशी पाटी असली तरी सगळे त्यांना नोंदणीबाईच म्हणायचे. बाई कडक होत्या पण दुष्ट नव्हत्या. "एकाला कुलूप लावणार आहे!" त्या म्हणाल्या. "साक्षीदार माझ्यासमोर हवा. खिडकीतून चालणार नाही. दुसरा कुणी घ्या, जिन्यात एक फोटोकॉपीवाला उभा आहे."

फोटोकॉपीवाला! सावकाशरावांनी साखळी घट्ट धरली, मग सैल धरली, मग पुन्हा घट्ट धरली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, सोडून द्यावं धाडकन, होऊन जाऊ दे काय व्हायचं ते. पण खाली माणसं होती.

वीस मिनिटं उरली असताना मुलगी खाली आली. फिक्या निळ्या रंगाचे नवे कपडे, बोटाला शाई. तिने सही केली होती, जावयाची झाली होती, आईची झाली होती, जावयाच्या बहिणीची झाली होती. पाचवी रेघ तेवढी कोरी होती. ती गर्दीतून वाट काढत सरळ बाबांसमोर आली आणि हात पुढे केला.

"द्या इकडे."

"काय?"

"साखळी. आणि हातमोजे."

"अगं, आज तुझं लग्न आहे!"

"म्हणूनच म्हणतेय. माझं तिथलं काम झालंय, तुमचं राहिलंय. लहानपणी अंगणातल्या झाडाला वाळूचं पोतं टांगून हीच साखळी मला शिकवली होतीत ना? मग बघता काय? उजवीकडे कलतो, माहितीये मला. द्या."

उस्तादाचा नियम त्यांच्या ओठांवर आला. ज्याने उचललं त्यानेच. मुलीने तो त्यांच्या चेहऱ्यावर वाचला असावा. ती हळूच म्हणाली, "बाबा, मला तो फोटोकॉपीवाला नकोय."

सावकाशरावांनी मोजे काढले. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी साखळी आपणहून दुसऱ्याच्या हातात दिली. मुलीने ती बोटांवर तोलून बघितली, वर बघितलं, आणि साहेब बोटभर सरकले तसा इतका अलगद हिसका दिला की बेलिफने टेप लावून नुसती मान डोलावली. सावकाशरावांना हेवा वाटला. आणि हेवा वाटल्याची लाजही वाटली. आणि मग ते पळत सुटले.

सावकाशराव पळताहेत! चौकातल्या लोकांनी तोंडात बोटं घातली. दोन्ही पक्ष एका सुरात ओरडले, "सावकाश!" त्यांनी जिना दोन-दोन पायऱ्यांनी गाठला, फोटोकॉपीवाल्याला जवळजवळ आडवा केला, आणि ग्रीसने माखलेले हात वर धरून नोंदणीबाईंच्या टेबलासमोर उभे राहिले. इस्त्रीचा सदरा खालीच राहिला होता.

"वहीला डाग पडेल," बाई म्हणाल्या.

"पडू दे," बायको म्हणाली. "दोनदा तारीख पुढे गेलीय. डागासाठी आता तिसऱ्यांदा नाही."

सही झाली. अंगठ्याचा काळा ठसाही झाला, कुणी मागितला नव्हता तरी. बाईंनी घड्याळात पाहून जाहीर केलं की लग्न लागलं, आणि दोन-चार टाळ्या वाजल्या. जावई सासऱ्यांच्या गळ्यात पडला. सगळे हसले. सावकाशराव मुलीला जवळ घ्यायला वळले, आणि त्यांच्या लक्षात आलं की ती खोलीत नाही.

ते खिडकीशी गेले.

खाली चौकात ती उभी होती. एक हात साखळीवर, पाय किंचित फाकवलेले, मान वर. पण बघत होती ती साहेबांच्या कमरेला बांधून पुलीच्या हुकात अडकवलेल्या पट्ट्याकडे. जावयाने हाक मारली. बायकोने हाक मारली, "अगं, झालं! लागलं लग्न! इकडे बघ!" तिने ओठ मुडपून हसू दाबलं, पण खिडकीकडे पाहिलं नाही. माल हवेत असेपर्यंत नजर मालावर. हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. सावकाशराव खिडकीत उभे राहिले आणि त्यांना जे दिसलं ते त्यांनी कधीच पाहिलेलं नव्हतं, कारण ते नेहमी खाली असायचे. वरून हाका मारायच्या आणि खालच्या माणसाने मान वळवायची नाही, हे वरून इतकं वाईट दिसतं, हे त्यांना त्रेपन्नाव्या वर्षी समजलं. बायको शेजारी उभी होती. तिला नवं असं त्यात काही नव्हतं.

"खाली घे!" सावकाशराव खिडकीतून ओरडले.

मुलगी पट्ट्यावरची नजर न काढता ओरडली, "कुठे?"

"आहे तिथेच! सरळ खाली!"

"आदेश आहे!" बेलिफ किंचाळला. "जैसे थे!"

"आदेश मी भोगतो!" सावकाशराव म्हणाले. "घे गं तू खाली!"

त्यांनी तो भोगलाही. ते आताच सांगून टाकलेलं बरं. सोमवारी न्यायाधीशांनी विचारलं, कोर्टाचा आदेश मोडायचं कारण काय. सावकाशराव म्हणाले, मुलीचं लग्न होतं. न्यायाधीशांनी त्यांना कोर्ट उठेपर्यंत मागच्या बाकावर बसायची शिक्षा दिली, आणि तिथे त्यांना छान झोप लागली. दोन्ही पक्षांनी पुन्हा अर्ज केले आणि दोन्ही अर्जांवर पुन्हा तोच आदेश झाला, जैसे थे. त्यामुळे साहेब आजही चौथरा आणि रस्ता यांच्या मधोमध जमिनीवर उभे आहेत. चौथऱ्यावर लोक बसून शेंगा खातात.

पण हे सगळं सोमवारचं. शनिवारी एक वाजायला सात मिनिटं होती आणि मुलीच्या हातात साखळी उलटी फिरायला लागली होती. गर्दी मागे सरली. घोषणा बंद पडल्या. साहेब नऊ फुटांवरून आठ, आठांवरून पाच, उजवीकडे कलायला लागले की ती थांबायची, दोर धरणाऱ्यांना मानेने खूण करायची आणि पुन्हा सोडायची. खिडकीत सावकाशरावांचे ओठ हलत होते, पण तो शब्द या वेळी त्यांनी मोठ्याने म्हटला नाही. तिला त्याची गरज नव्हती. साहेबांचे पाय फरशीला टेकले तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. पट्टा सैल पडला. तिने हूक काढला, मोजे काढून साहेबांच्या पायाशी ठेवले, आणि मग वर, खिडकीकडे पाहिलं.